अळंबीच्या मागचा मुहूर्त

माझ्या बायकोच्या चुलत भाचीचं लग्न मी कापलं. म्हणजे लग्न नव्हे, पत्रिका. पण आमच्या घरात हा फरक अजून मान्य झालेला नाही.

मी शनिवार पेठेत जर्मन शिकवतो. बावीस वर्षं झाली. खाली बाइंडिंगचं दुकान, वर माझा वर्ग. दोन खोल्या, सोळा खुर्च्या, त्यांतल्या चौदा बसण्याजोग्या. शिकवतो म्हणजे नेमकं काय करतो, असं लोक विचारतात. मी शब्द पाठ करून घेतो. भाषा म्हणजे संस्कृतीची खिडकी वगैरे मी फक्त प्रवेशाच्या दिवशी बोलतो. दुसऱ्या दिवसापासून खिडकी बंद आणि पाठांतर सुरू.

पाठांतराचं माझं हत्यार म्हणजे फ्लॅशकार्ड. पत्त्याएवढा जाड कागदाचा तुकडा, एका बाजूला जर्मन शब्द, दुसऱ्या बाजूला मराठी अर्थ. एक बाजू बघायची, दुसरी आठवायची, उलटून खात्री करायची. कोरी कार्डं दुकानात मिळतात. पण शनिवार पेठेत राहून, घरात आयती पडलेली वस्तू बाजारातून आणायची, म्हणजे घराण्याच्या नावाचा प्रश्न येतो. आमच्याकडे लग्नपत्रिका पडलेल्या होत्या. उत्तम जाड कागद, मागची बाजू कोरी. लग्न होऊन गेलं, की पत्रिका देवापुढून माझ्या पिशवीत, पिशवीतून खालच्या बाइंडरच्या कटिंग मशीनखाली, आणि तिथून तुकडे होऊन वर वर्गात. कोऱ्या बाजूवर मी जर्मन लिहायचो, छापील बाजूवर जाड काळ्या पेनानं मराठी. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’च्या छातीवर ‘चमचा’. चि. सौ. कां.च्या नावावर ‘गुडघा’. अक्षरांच्या मागून पत्रिका थोडी डोकावायची, पण त्यानं काय बिघडतं, असं मी बावीस वर्षं समजत होतो.

तर भाचीची पत्रिका. मेहुणा स्वतः घरी येऊन, अक्षता ठेवून देऊन गेला. मोबाइलवर पत्रिका पाठवणं म्हणजे लोकांना घरीच थांबायला सांगणं, असं त्याचं मत आहे. कागद असा जाड, की बघताच माझी नियत फिरली. त्या आठवड्यात वर्गात ‘निसर्ग आणि भाजीपाला’ चालू होता आणि मला काही कार्डं कमी पडत होती. देवापुढचा गठ्ठा उचलला. त्यातली एक पत्रिका अजून व्हायच्या लग्नाची आहे, हे माझ्या लक्षात आलं नाही. देवाच्या आलं असणार, पण तो बोलला नाही.

लग्नाचा दिवस उजाडला. तारीख आम्हाला पाठ होती. वृंदा, म्हणजे माझी बायको, शाळेत गणित शिकवते. आकडे तिच्याकडे असतात. पण मुहूर्ताच्या बाबतीत तिनं आकड्यापेक्षा परंपरेवर भरवसा ठेवला होता. “त्यांच्याकडे संध्याकाळचा गोरजच असतो,” असं म्हणत ती साडेअकराला निवांत साडीला इस्त्री करत होती. मग म्हणाली, “तरी एकदा पत्रिका बघा हो. कार्यालय कुठलं तेही नीट आठवत नाही.”

मी देव्हाऱ्यात पाहिलं. मग देवाकडे पाहिलं. मग सगळं आठवलं.

“मेहुण्याला फोन करू?” मी विचारलं.

“करा ना. लग्नाच्या दिवशी मुलीच्या आत्यानं विचारायचं, काय रे, लग्न किती वाजता? आणि पत्रिकेचं काय झालं म्हणून सांगाल? भाजी केली?”

भाजीच केली होती. ‘निसर्ग आणि भाजीपाला’चा तो गठ्ठा त्या आठवड्यात सुनंदा नावाच्या विद्यार्थिनीकडे घरी गेला होता. सुनंदा नर्स, मूळची यवतमाळकडची, इथे दोन मैत्रिणींबरोबर मांजरी गावात खोली घेऊन राहणारी. मी तिला फोन लावला.

“सुनंदा, भाजीपाल्याचा गठ्ठा आहे ना तुमच्याकडे?”

“हो जी सर. रूमवर आहे. मी ड्युटीवर आहो. काहून?”

काहून ते मी सांगितलं. पलीकडे शांतता. मला वाटलं, हसू दाबतेय. ती आठवत होती.

“सर, मुहूर्त अळंबीच्या मागं आहे. बारा वाजून सतरा मिनिटं. कार्यालय ‘कांदा’वर आहे, सिंहगड रोडचं. अन् वधूचे वडील ‘गवत’वर.”

घड्याळात बारा वाजून चार मिनिटं झाली होती.

आम्ही पोचलो तेव्हा दुसरी पंगत उठत होती. मेहुणा दारातच उभा होता. “या, भावजी,” तो म्हणाला, “अक्षता संपल्या. मठ्ठा आहे.”

परतताना रिक्षात मी वातावरण हलकं करायचा प्रयत्न केला. “काही म्हण, पण काय पाठ आहे त्या पोरीला! कार्ड समोर नाही, तरी सगळं तोंडावर! याला म्हणतात शिकवणं.”

वृंदा काही बोलली नाही. गणिताची शिक्षिका गप्प बसली, की ती उदाहरण मनातल्या मनात सोडवत असते, हे इतक्या वर्षांच्या संसारानंतर मला कळायला हवं होतं. मी मठ्ठ्याची चव आठवत बसलो.

आता जरा धंद्याबद्दल. फ्लॅशकार्डाचं शास्त्र सोपं आहे. माझ्या वर्गात प्रत्येकाला मिठाईचे पाच रिकामे डबे आणायला लागतात. नवं कार्ड पहिल्या डब्यात. हा डबा रोज काढायचा. शब्द आला, की कार्ड दुसऱ्या डब्यात. तो तीन दिवसांनी. तिथेही आला, की तिसऱ्यात, तो आठवड्यानं. असं करत पाचव्या डब्यात पोचलेला शब्द पक्का. मधे कुठेही चुकलात, की कार्ड थेट पहिल्या डब्यात परत. सापशिडीच, फक्त शिडी कमी आणि साप जास्त. माणूस विसरायला लागतो त्याच्या जरा आधी त्याला टोचायचं, एवढंच त्यातलं तत्त्व. हे तत्त्व बायकांना उपजत ठाऊक असतं.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची आली. एका आयटीतल्या तरुणानं माझी सगळी कार्डं मोबाइलमध्ये घातली आणि मला म्हणाला, “सर, आता हे स्केलेबल झालं.” मोबाइल त्याला दिवसातून चाळीस वेळा ‘टुंग’ करून शब्द विचारायचा. दोन महिन्यांनी त्याला जर्मन येत नव्हतं, पण कुठेही ‘टुंग’ झालं की तो दचकायचा. एका बाईंनी सगळी कार्डं लॅमिनेट केली, अक्षरं सुंदर, रंगीत दोऱ्यानं बांधलेली. परीक्षेला बसल्या नाहीत. म्हणाल्या, “हाताळली की खराब होतात हो.” आणि मी या सगळ्यांना बोलायचो. लागेल असं बोलायचो. माझ्या वर्गात अपमान फीमध्येच धरलेला असे, आणि पुण्यात त्याला ‘सर शिस्तीचे आहेत’ असं म्हणतात.

खडकीचे देवकर असेच आले. दारूगोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, साठी ओलांडलेली. मुलगा जर्मनीत, सूनबाई तिकडचीच. तिच्याशी चार शब्द बोलता यावेत, एवढीच इच्छा. शर्ट इस्त्रीचा, खिशात दोन पेनं, पाचही डबे स्वच्छ पुसलेले. कार्डं दाखवली की फटाफट उत्तरं. आणि तोंडी परीक्षेत दोनदा नापास. दुसऱ्यांदा निकाल घेऊन आले, तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणालो, “देवकर, या वयात केस थांबत नाहीत, शब्द कुठले थांबायला?” वर्ग हसला. देवकरही हसले. पुढच्या सोमवारपासून आले नाहीत. मी त्यांच्या डब्यांत दुसऱ्याची कार्डं भरली.

सुनंदाचं प्रकरण निराळं होतं. तिला सूनबाईशी गप्पा मारायच्या नव्हत्या. नऊ वर्षं ती एका रुग्णालयात करारावर होती. अकरा महिने काम, मग नवा कागद, मग पुन्हा अकरा महिने. जर्मनीत नर्सेस हव्या आहेत, हे तुम्ही पेपरात वाचलंच असेल. तिकडच्या एका छोट्या गावातल्या रुग्णालयानं मोबाइलवर तिची मुलाखत घेऊन कायमची जागा देऊ केली. अट एकच, भाषेची बी-टू परीक्षा. भाषा आली नाही, तर बाकी सगळं येऊन उपयोग नाही. तिनं इथल्या कामाला नोटीस दिली. गावाला कळवलं. गावानं नीट समजून घ्यायच्या आत सत्कार केला. शाल, नारळ, सरपंचांचं भाषण, ‘आपल्या गावची पहिली मुलगी परदेशी’ असा फलक. म्हणजे परीक्षा अजून व्हायची होती आणि नारळ फुटला होता. फुटलेला नारळ परत जोडून देवाला ठेवता येत नाही.

मला काळजी नव्हती. चार महिन्यांत तिची सगळी कार्डं पाचव्या डब्यात पोचली होती. मी इतर विद्यार्थ्यांना तिचे डबे दाखवायचो, जसं काही दुसऱ्याच्या घरचं ताट दाखवून आपल्या मुलांना जेवायला लावतात तसं.

ती नापास झाली. वाचन पास, ऐकणं पास. लिहिणं आणि बोलणं, दोन्हीत नापास.

निकाल लागला त्या दिवशी ती आमच्या घरी आली. वृंदानं पाणी दिलं. मी आरामखुर्चीत बसून शिस्तीचा झालो.

“घाबरलात ना? मी सांगितलं होतं, तिथे घाबरायचं नाही.”

“नाही सर, घाबरली नाही. ऑपरेशनच्या टेबलजवळ उभी राहते मी, परीक्षेले काय घाबरू?”

“मग झालं काय?”

“त्या मॅडमनं चित्र दाखवलं. बाईले चक्कर येऊन राहिली, असं. मले सगळं समजलं. पण शब्दच नाही आला.”

“चक्कर? ‘श्विंडेल’! पाचव्या डब्यात आहे तो तुमच्या! कालपरवा तुम्ही मला—”

“हो ना सर. पण तिथं मोर नव्हता.”

मी वृंदाकडे पाहिलं. वृंदा सुनंदाकडे पाहत होती.

“कोणता मोर?” वृंदानं विचारलं.

“चक्करच्या कार्डावर मोर आहे ना, मॅडम. निळा. मोर दिसला, की श्विंडेल. ‘जखम’ले गणपतीची सोंड. ‘सुरी’ले लाल काठ. ‘चमचा’ले श्रीकृपेकरून. अन् जिथं ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ आहे, ते ‘मलमपट्टी’.” मग माझ्याकडे वळून, अगदी सरळपणानं, “तुमीच म्हणाले होते ना सर, शब्द चित्रासोबत लक्षात ठेवा म्हणून.”

म्हणालो होतो. पहिल्याच दिवशी म्हणतो. खिडकीनंतर लगेच.

वृंदा उठली. भिंतीवरच्या कॅलेंडरचं गेल्या महिन्याचं पान फाडलं, मागच्या कोऱ्या बाजूवर वीस मराठी शब्द लिहिले. चक्कर, जखम, सुरी, खोकला, उशी, असे सगळे पाचव्या डब्यातले. मोर नाही, सोंड नाही, काठ नाही. कागद सुनंदापुढे ठेवला. “जर्मन सांग.”

सुनंदा कागदाकडे बघत राहिली. कागद उलटून बघितला. परत सुलटा केला. वीसांतले तीन आले.

मग वृंदानं माझ्याही पुढे कागद धरला. “आता तुम्ही.”

मला वीसच्या वीस आले. बावीस वर्षांचा सराव आहे. पण प्रामाणिकपणे सांगतो, ‘जखम’ला डोळ्यांपुढे सोंड हलली. म्हणजे मीही जर्मन शिकवता शिकवता अर्ध्या पुण्याचे विवाह पाठ करून बसलो होतो.

“हिला जर्मन येत नाही,” वृंदा म्हणाली. “हिला लग्नं येतात. मला त्या दिवशी रिक्षातच शंका आली होती. अळंबी म्हटल्यावर जिला मुहूर्त आठवतो, तिला अळंबी आठवत असेल का?”

“मग तेव्हाच का नाही बोललीस?”

“तुम्ही मठ्ठ्याबद्दल बोलत होतात.”

आता वाचन आणि ऐकणं कसं पास झालं, तेही कळलं. जर्मनकडून मराठीकडे येताना ती कोरी बाजू बघायची. तिथे फसवायला काही नव्हतं, तो रस्ता खरा पाठ झाला होता. मराठीकडून जर्मनकडे जाताना मात्र रस्त्यात वरात आडवी होती. आणि बोलायला, लिहायला तोच रस्ता लागतो.

सुनंदा रडली नाही. तिनं फक्त विचारलं, “म्हणजे पाच महिने मी काहीच नाही शिकली, सर?”

या प्रश्नाला मी एरवी एखादा चुरचुरीत टोला दिला असता. त्या दिवशी मी तिला तिकडच्या रुग्णालयाचा पत्ता विचारला.

तिकडच्या रुग्णालयाला कळवलं. त्यांनी पुढच्या परीक्षेपर्यंत जागा धरून ठेवतो, असं उत्तर दिलं. पुढची परीक्षा सहा आठवड्यांनी. त्यानंतर जागा दुसरीला. इथली नोकरी सुटलेली. गावी फलक लागलेला.

दुसऱ्या दिवशी मी बाइंडरकडे गेलो आणि कोरी कार्डं सांगितली. पांढरी, एकसारखी, दोन्ही बाजू स्वच्छ. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी बावीस वर्षांनी पहिल्यांदा दुकानात आलोय. “घरात सगळं ठीक ना, सर?” त्यानं विचारलं.

मला देवकर आठवायला लागले होते. फटाफट उत्तरं देणारे, पुसलेले डबे असलेले देवकर. रविवारी खडकीला गेलो. दार त्यांनीच उघडलं. मला पाहून शर्टाचं वरचं बटण लावलं. मी चहा येईपर्यंत कसंबसं सगळं सांगितलं; पत्रिका, मोर, सोंड, सुनंदा. म्हणालो, “तुमचं वय नव्हतं, देवकर. माझी कार्डं होती.”

“मला माहीत होतं, सर,” देवकर म्हणाले.

“काय माहीत होतं?”

“तिसऱ्या आठवड्यातच लक्षात आलं. तीस वर्षं मी तपासणी खात्यात होतो. माल बघायचा, खोका नाही, हे आमचं पहिलं शिक्षण. मी शब्दाच्या ऐवजी खोका ओळखतोय, हे मला कळायचं.”

“मग सांगितलं का नाहीत?”

देवकरांनी बशी माझ्याकडे सरकवली. “कसं सांगणार? तुमच्या वर्गात बोलायची पद्धत नव्हती. म्हणजे तुमची होती. आमची नव्हती.” आणि मग माझी कीव येऊन की काय, “घ्या, चिवडा घ्या. चिवड्याला जर्मनमध्ये काय म्हणतात, ते तुम्हीही शिकवलं नाहीत,” असं म्हणून हसले. यावेळी त्यांच्या हसण्यात मी सामील होतो. एवढंच, की हसू कुणावर आहे ते मला माहीत होतं.

सूनबाईचं विचारलं. “बोलतो ना,” ते म्हणाले. “ती मराठी शिकली.”

खडकीहून परत येईस्तोवर माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, माल बघायचा, खोका नाही. घरी आल्यावर वृंदाला ते सांगितलं. ती म्हणाली, मग सुनंदाला रोज संध्याकाळी इथेच बोलवा. वर्गात तुम्ही सर होता, घरात तुम्हाला कोणी सर म्हणत नाही.

सहा आठवडे आमचं घर रुग्णालय झालं. कोरी कार्डं होतीच, पण त्यांच्यावर आता कुणाचाच भरवसा नव्हता. आधी शब्द, मग लगेच तो शब्द वापरून बोलायचं, असं ठरलं. मी रुग्ण. दिवाणावर आडवा. वृंदा माझ्या तक्रारी मराठीत चिठ्ठीवर लिहून द्यायची, मी त्या जर्मनमध्ये करायच्या, आणि सुनंदानं मला जर्मनमध्ये तपासायचं, समजावायचं, धीर द्यायचा. वृंदाला जर्मनचा गंध नाही, पण समोरचं माणूस अडलं की तिला कळतं. तीस वर्षं फळ्यासमोर अडलेली मुलं बघितली आहेत तिनं. अडलं, की ती पट्टीनं टेबलावर टक् करायची.

“आज गुडघा,” वृंदा म्हणायची. “रात्रभर झोप नाही, उशी कडक आहे, जेवण बेचव आहे, शेजारचा घोरतो.”

“हे सगळे रोग जर्मनीत होतात का?” मी विचारायचो.

“रुग्ण पुण्याचा धरला आहे मी. हा जमला, की बाकीचे सोपे.”

पहिल्या आठवड्यात टेबलावर नुसती टक्टक् होती. सुनंदा तोंड उघडायची आणि डोळे भिंतीवर मोर शोधायचे. एकदा वैतागून म्हणाली, “सर, मले एक कोपरा तरी द्या ना मोराचा!” मी द्यायला निघालो होतो. वृंदानं माझ्याकडे अशी पट्टी रोखली, की मी पुन्हा आडवा झालो.

दुसऱ्या आठवड्यात मी एकदा जरा जास्तच अभिनय केला. छातीवर हात ठेवून धाप लागल्याचं दाखवलं. सुनंदा खुर्चीवरून ताडकन उठली, माझं मनगट धरलं, आणि तिच्या तोंडून एकामागून एक जर्मन वाक्यं सुटली. शांत व्हा. हळू श्वास घ्या. कधीपासून होतंय? मी इथेच आहे. व्याकरणाची पार दैना होती. पण मोर कुठेच नव्हता. तिच्या बोटांना नाडी लागली होती आणि शब्द त्या बोटांतून येत होते, असं मला वाटलं. बावीस वर्षं मी शब्दांना कागदावर राहायला जागा देत होतो. त्यांना राहायला माणूस लागतो, हे माझ्या दिवाणावर मला आडवं पडून कळलं.

वृंदाची पट्टी हवेतच राहिली. “चांगलं झालं,” ती म्हणाली. “यांना खरंच काही झालेलं नाही ना, तेवढं बघ.”

पुढे टक्टक् कमी होत गेली. पाचव्या आठवड्यात सुनंदा मला रागवायला लागली, जर्मनमध्ये. गोळ्या वेळेवर घेत नाही, ऐकत नाही, स्वतःलाच शहाणा समजतो. ही वाक्यं कुठल्याही चिठ्ठीवर नव्हती. वृंदानं मला अर्थ विचारला. मी सांगितला. ती म्हणाली, “बघा, भाषा यायला लागली.”

परीक्षेच्या दिवशी मी वर्ग बंद ठेवला आणि बाहेर ‘आज वर्ग नाही. कारण विचारू नये’ अशी चिठ्ठी लावली. निकाल आला तेव्हा सुनंदानं फोन आधी वृंदाला केला. मला कळलं ते वृंदाच्या चेहऱ्यावरून. लिहिण्यात काठावर, बोलण्यात बऱ्यापैकी वर. पास.

जायच्या आधी ती भेटायला आली. गावाहून आईनं दिलेली तूरडाळ घेऊन आली, आणि वर्गातून एक वस्तू मागितली. मला वाटलं, शब्दकोश मागेल. तिला अळंबीचं कार्ड हवं होतं. मी दिलं. तसंही ते सगळं मी रद्दीत काढणार होतो. बाकीच्या पत्रिका मात्र टाकवल्या नाहीत; त्या अजून वर्गात एका पेटाऱ्यात आहेत. नवे विद्यार्थी आले, की त्यांना मी आधी त्या दाखवतो आणि माझी चूक सांगतो. अपमान अजूनही फीमध्ये आहे, फक्त आता पहिला हप्ता माझा असतो.

दोन महिन्यांनी सुनंदाचा तिकडून व्हिडिओ कॉल आला. पांढरा कोट, मागे लांबलचक स्वच्छ व्हरांडा, आणि चेहरा असा, की कॅमेऱ्यात मावत नव्हता.

“सर, आज एका आजीच्या ताटात सूप होतं. त्या म्हणाल्या, हे काय आहे, मले दिसत नाही नीट. मी पाहिलं, अळंबीचं. अन् खरं सांगू? अजूनही आधी बारा वाजून सतरा मिनिटंच आठवले! मग ‘पिल्त्स’. आजीले सांगितलं, त्यांनी पूर्ण वाटी संपवली.”

मी हसलो. ती हसली. फोन ठेवल्यावर मी वृंदाला म्हणालो, “ऐकलंस? अजून मुहूर्तच आठवतो तिला.”

वृंदा तूरडाळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “चला. त्या मुहूर्ताला आपल्या घरातलं कुणीतरी वेळेवर पोचलं म्हणायचं.”